परिशिष्टातले कागद : मुक्त भांडारात असूनही न सापडलेल्या एका प्रबंधाचे प्रकरण

बडोद्याहून एका संशोधक विद्यार्थिनीचे पत्र आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आले, तेव्हा तिने विचारलेली गोष्ट साधी होती. कृष्णाकाठच्या एका परगण्यातील अठराव्या शतकातल्या वतनी, म्हणजे वंशपरंपरागत हक्कांच्या, कागदांवर २००३ साली आमच्या विद्यापीठात सादर झालेला मराठी प्रबंध कोठे पाहायला मिळेल, एवढेच तिला हवे होते. त्या प्रबंधाचा उल्लेख तिला एका लेखाच्या तळटीपेत मिळाला होता. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर तिने प्रबंधाचे नाव, संशोधकाचे आडनाव, परगण्याचे नाव, ‘वतन’ आणि ‘महजर’ हे शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत, सुचतील त्या साऱ्या रूपांत घालून पाहिले होते आणि काहीच हाती न लागल्यामुळे तो तिथे नाही असे धरून ती पुन्हा मूळ दप्तराकडे वळण्याच्या तयारीत होती. प्रबंध तिथे होता. आमच्याच ग्रंथालयाने तो काही वर्षांपूर्वी तिथे ठेवला होता.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले ते या कारणाने, की मुक्त प्रवेशाविषयी, म्हणजे संशोधन सर्वांना मोफत वाचता येण्याविषयी, आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक वेळा ‘ठेवण्या’बद्दल असते. किती प्रबंध चढवले, किती पाने स्कॅन झाली, किती विद्यापीठांनी करार केला, यांचे आकडे दिले जातात. वाचकाला तो मजकूर मिळाला का, हा प्रश्न त्या आकड्यांत येत नाही. मराठीतल्या मजकुराच्या बाबतीत तर ठेवणे आणि मिळणे यांत मोठे अंतर पडते, आणि ते अंतर कशाकशाने पडते हे या एका प्रबंधाच्या निमित्ताने आम्हाला टप्प्याटप्प्याने कळत गेले.

प्रबंध आणि त्याचे परिशिष्ट

प्रबंध साडेचारशे पानांचा. लिहिणारे गृहस्थ एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवत असत. काही वर्षांपूर्वी त्यांचे निधन झाले. पहिली सहा प्रकरणे वतनसंस्थेचे स्वरूप, देशमुख-देशपांड्यांचे हक्कलवाजिमे, गावच्या पाटील-कुळकर्ण्यांशी त्यांचे संबंध आणि गोतसभेपुढे (गावच्या वतनदार मंडळींच्या सभेपुढे) चाललेले तंटे यांविषयी आहेत. ती चांगली आहेत, पण या विषयावर इतरांनीही लिहिलेले आहे. त्या प्रबंधाचे खरे मोल त्याच्या परिशिष्टात आहे. तिथे ६४ मोडी कागदांचे देवनागरी लिप्यंतर, प्रत्येक कागदाचे ठिकाण, मिती आणि थोडक्यात टीप दिलेली आहे. त्यांपैकी ४१ कागद पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तराच्या रुमालांतले, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतले, आणि उरलेले २३ परगण्यातल्या एका वतनदार घराण्याकडे माळ्यावरच्या पेटीत होते. या ६४ मध्ये १७ महजर आहेत, म्हणजे गोतापुढे, शिक्क्यानिशी आणि गोहीसाक्षीने लिहिले गेलेले निवाड्याचे कागद, ज्यांच्या तळाशी गावच्या कुणब्यांच्या आणि बलुतेदारांच्या निशाण्या असतात. कुणब्याच्या नावापुढे नांगर, सुताराच्या नावापुढे वाकस अशा त्या निशाण्या. ज्यांच्या हातचे दुसरे काही लिखाण मागे राहिले नाही, अशा माणसांची खूण याच कागदांवर सापडते.

महाराष्ट्रात कागद मिळवण्याची परंपरा जुनी आहे. वि. का. राजवाड्यांनी घरोघर हिंडून दप्तरे मिळवली आणि १८९८ पासून ऐतिहासिक साधनांचे खंड प्रसिद्ध करायला सुरुवात केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. पेशवे दप्तर तेव्हा सरकारच्या ताब्यात होते आणि संशोधकांना सहजासहजी खुले नव्हते. पुढे गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. त्या खंडांचे ऋण कोणीही नाकारणार नाही; पण निवड ही निवडच असते. राज्यकारभार, मोहिमा, राजकीय पत्रव्यवहार यांना त्यात जागा मिळाली, आणि एखाद्या परगण्यातल्या विहिरीच्या पाण्यावरून झालेला तंटा रुमालातच राहिला. असे मागे राहिलेले कागद वाचून काढण्याचे काम पुढच्या काळात ज्यांनी केले, त्यांत आमच्या प्रबंधाच्या लेखकासारखे महाविद्यालयांतले शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी वाचलेले कागद कोठे छापले जात नाहीत. ते प्रबंधांच्या परिशिष्टांत असतात.

शोधगंगेवर काय ठेवले होते

शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे राष्ट्रीय मुक्त भांडार आहे. ते गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र चालवते. हे केंद्र १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र-संस्थेच्या छत्राखाली एक प्रकल्प म्हणून सुरू झाले आणि १९९६ मध्ये स्वतंत्र झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमाने पीएच.डी. जाहीर झाल्यावर तीस दिवसांच्या आत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे विद्यापीठावर बंधनकारक केले. २०१६ च्या विनियमाने हीच गोष्ट पदवी जाहीर होण्याच्या आधी करायची, असा बदल केला. हा बदल दिसायला किरकोळ आहे, पण प्रत्यक्षात त्यानेच फरक पडला, कारण पदवी हाती पडल्यानंतर सीडी आणून देण्याची घाई कोणालाच नसते. आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते जगात कोठूनही, नाव न नोंदवता, पैसे न भरता वाचता येतात. हे काम किती मोठे आहे हे ज्यांनी १९९० च्या दशकात एक प्रबंध पाहण्यासाठी दुसऱ्या विद्यापीठाच्या गावी जाऊन, ओळखपत्र दाखवून, संदर्भ विभागात बसून हाताने टिपणे काढली आहेत त्यांना सांगायला नको.

२००९ च्या आधीच्या प्रबंधांना तो विनियम लागू नव्हता. ते प्रबंध विद्यापीठांनी जुन्या प्रतींचे स्कॅनिंग करून वेगळ्या मोहिमेत चढवले. आमच्या ग्रंथालयानेही तसेच केले, आणि आमच्या चुका याच मोहिमेत झाल्या. शोधगंगेवर जे दिसते ते विद्यापीठाने भरून दिलेले असते; नोंद आमची, फायली आमच्या, म्हणून दोषही आमचा.

पत्र आल्यावर आम्ही नोंद उघडली. शीर्षक रोमन लिपीत होते आणि त्यात ‘वतन’ हा शब्द ‘डब्ल्यू’ने लिहिला होता, बडोद्याच्या विद्यार्थिनीने तो ‘व्ही’ने शोधला होता. देवनागरी शीर्षकाचा रकाना रिकामा. संशोधकाच्या आडनावातले एक अक्षर गळलेले. भाषेच्या रकान्यात ‘इंग्रजी’, कारण फॉर्ममध्ये ते आधीपासूनच निवडलेले येत असे आणि नोंद करणाऱ्याने ते बदलले नव्हते. विषयशब्द म्हणून ‘इतिहास’ आणि ‘महाराष्ट्र’ हे दोनच शब्द इंग्रजीत. परगण्याचे नाव नोंदीत कोठेच नव्हते, ‘महजर’ नव्हता, ‘मोडी’ नव्हता. फायली उघडल्या तर पाने चित्ररूपात, त्यांच्यामागे शोधता येईल असा मजकूर नाही. शोधगंगेवर प्रबंध एकसंध न ठेवता शीर्षकपान, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रकरणे, समारोप, संदर्भसूची अशा वेगवेगळ्या फायलींत ठेवतात; त्या विभागणीत आमच्याकडून चौथे प्रकरण दोनदा चढले होते, आणि परिशिष्ट चढलेच नव्हते. स्कॅन करणाऱ्याला दिलेल्या यादीत ‘परिशिष्ट’ असा प्रकारच नव्हता, म्हणून त्याने संदर्भसूचीपाशी काम थांबवले होते.

म्हणजे या प्रबंधात जे दुसरीकडे कोठेही नाही, तेवढेच नेमके भांडारात नव्हते.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात आली. आयोगाच्या २०१८ च्या विनियमानुसार नव्या प्रबंधांचे साम्य संगणकीय प्रणालीवर तपासले जाते आणि १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र धरले जात नाही. ही प्रणाली मजकुराशी मजकूर ताडून पाहते. जुना प्रबंध नुसत्या चित्रांच्या रूपात असेल तर ताडून पाहायला मजकूरच नसतो, आणि त्यातली पानेच्या पाने कोणी टंकून घेतली तरी ती तिथे उमटणार नाहीत. मराठी प्रबंध नीट शोधण्याजोगे करणे हा त्यांच्या लेखकांच्या हक्काचाही प्रश्न आहे.

अक्षरांची अडचण

प्रबंध दुरुस्त करायचा तर परिशिष्टासह सारा मजकूर शोधता येईल असा हवा होता. लेखकाच्या घरी त्यांच्या टंकलेखनाच्या फायलींची सीडी निघाली आणि ती वाचताही आली, तेव्हा काम सोपे झाले असे वाटले. फाइल उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे, विरामचिन्हे आणि गणिती खुणांची खिचडी दिसली. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये होता. त्या काळातले मराठी फाँट युनिकोडवर, म्हणजे सर्व संगणकांना समान असलेल्या अक्षरसंकेतावर, चालत नसत. रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, आणि तो विशिष्ट फाँट संगणकावर नसेल तर मजकूर नुसती अक्षरभेसळ होऊन बसे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे, पण प्रबंध, मासिके, छापखाने यांच्या रोजच्या कामात ते यायला आपल्याकडे पुढची पंधरा-वीस वर्षे लागली. त्या मधल्या काळातला मराठीचा फार मोठा विद्वत्तेचा ठेवा या जुन्या फाँटांत अडकला आहे, आणि ज्या सीड्यांवर तो आहे त्या दरवर्षी थोड्या थोड्या निकामी होत आहेत.

फाँट बदलून देणारी साधने आहेत. त्यांनी ऐंशी-नव्वद टक्के अक्षरे बरोबर येतात असे वरवर वाटते, पण उरलेली चूक नेमकी कुठे होते ते पाहावे लागते. जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. त्यामुळे ‘मिती’, ‘वर्ष’, ‘कुळकर्णी’, ‘निर्वाह’ अशा शब्दांत वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले. प्रबंधभर आलेला ‘वर्ष’ हा शब्द शेकडो ठिकाणी हाताने दुरुस्त करावा लागला.

मराठीच्या स्वतःच्या दोन अडचणी याहून सूक्ष्म आहेत. ‘शेतकऱ्याचा’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतला आडवा रकार युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडखूण घालून. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात. संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. तसेच ‘ॲ’ हे अक्षर २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’ वर चंद्र देऊन ते लिहिलेले असते. ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’ यांची गोष्टही तीच. वाचणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, पण शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आम्ही संपूर्ण मजकुरात एकच पद्धत ठेवली आणि नोंदीच्या विषयशब्दांत मात्र दोन्ही रूपे दिली. नोंदीच्या शिस्तीला हे सोडून आहे, असे एका सहकाऱ्यांनी बोलून दाखवले, आणि ते खरेही आहे. वाचकाला कागद मिळणे मला अधिक महत्त्वाचे वाटले.

सीडीवर परिशिष्टाचा शेवटचा भाग नव्हता. तो छापील प्रतीवरून पुन्हा स्कॅन केला आणि चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या टेसेरॅक्ट या मुक्त प्रणालीने वाचून घेतला. तिला मराठी येते, पण अठराव्या शतकातली मराठी येत नाही. ‘राजश्री’ आणि ‘मजकूर’ यांची संक्षेपरूपे, ‘छ’ आणि ‘माहे’ घालून दिलेल्या तारखा यांपुढे ती हरली. ती पाने दोघांनी मिळून अक्षरशः ओळीवर बोट ठेवून तपासली.

परवानगी

या सगळ्याआधी एक प्रश्न सोडवायचा होता, आणि तो पहिल्या वेळीच सोडवायला हवा होता. प्रबंध चढवताना कोणाची परवानगी घेतली होती? फाइल शोधली, त्यात काहीच नव्हते. प्रबंधाचा स्वामित्वहक्क वेगळा करार नसेल तर लिहिणाऱ्याचा असतो, आणि १९५७ च्या कायद्यानुसार तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे राहतो. विद्यापीठाने पदवी दिली म्हणून लेखनाची मालकी विद्यापीठाकडे येत नाही. नव्या प्रबंधांच्या वेळी संशोधकाची लेखी संमती घेतली जाते. जुन्यांच्या वेळी आम्ही ती गृहीत धरली होती.

आम्ही लेखकाच्या पत्नींना भेटायला गेलो. झालेली चूक आधी सांगितली, मग काय करायचे आहे ते सांगितले. शोधगंगेवरील मजकूर ज्या परवान्याखाली असतो त्याचा अर्थ समजावून दिला: लेखकाचे नाव देऊन कोणीही तो वापरू शकेल, पण धंद्यासाठी नाही, आणि त्यावर आधारून जे करेल ते त्याने त्याच अटींवर इतरांना द्यावे लागेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली.

“ह्यांना मोडी वाचायला गुरुजींनी शिकवलं. निम्मे कागद त्यांनीच वाचून दिलेत. त्यांचं नाव राहील ना त्यात?”

गुरुजी म्हणजे त्या गावचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचे नाव एका ओळीत आहे. काकूंना आम्ही होय म्हटले, आणि परत आल्यावर ते कसे करायचे ते पाहिले, तेव्हा लक्षात आले की त्याची सोय पहिल्यापासून आहे. भांडारांत नोंदीसाठी जी डब्लिन कोअर नावाची पद्धत वापरतात, तिच्या मूळ पंधरा घटकांत कर्त्याखेरीज ‘योगदानकर्ता’ असा वेगळा घटक आहे. आपण त्यात मार्गदर्शकाचे नाव घालतो आणि थांबतो. गुरुजींचे नाव तिथे ‘मोडी लिप्यंतर’ या भूमिकेसह घातले. महाराष्ट्रात मोडी वाचून देणाऱ्या किती जणांची नावे अशा एका ओळीच्या ऋणनिर्देशात राहून गेली असतील, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आले.

दुसरी परवानगी अवघड होती. पेटीतल्या २३ कागदांचे मालक असलेल्या घराण्याने ते लेखकाला अभ्यासासाठी दिले होते, आणि तेही ओळखीवर. छापील प्रबंध ग्रंथालयात बसून कोणीही वाचू शकत होता, म्हणजे कागद गुप्त होते असे नाही. तरीही ग्रंथालयाच्या कपाटातली एक प्रत आणि जगभरातून शब्द टाकून उघडता येणारी फाइल यांत फरक आहे, आणि तो फरक नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परगणा आणि कुळकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली, तरी त्या वतनांतून आलेल्या जमिनींच्या हद्दी, विहिरीतले हिस्से, देवस्थानचे मान यांवरून भाऊबंदांचे दावे अजून उभे राहतात, आणि जुना महजर कोर्टात आणून ठेवणारे लोक आहेत. घराण्यातल्या थोरल्या काकांनी स्पष्टच सांगितले की तीन कागद एका चालू दाव्याशी संबंधित आहेत आणि ते सध्या बाहेर जाऊ नयेत. बाकीच्या वीस कागदांच्या लिप्यंतराला त्यांची हरकत नव्हती. मूळ कागदांची छायाचित्रे मात्र घरातल्या सर्वांशी बोलल्याशिवाय देणार नाही, असे ते म्हणाले.

यावर आमच्यात दोन मते झाली. तीन कागदांसाठी परिशिष्टच बंद ठेवावे, म्हणजे वाद नको, असे एक मत होते. ते तीन कागद गुपचूप वगळून बाकीचे चढवावे, असे दुसरे. पहिल्याने ६१ कागद अडतात. दुसऱ्याने वाचकाची फसवणूक होते, कारण त्याच्यापुढे ६४ कागदांचे परिशिष्ट ६१ चे होऊन येते आणि त्याला ते कळतही नाही. ज्या डीस्पेस या प्रणालीवर शोधगंगा आणि आमच्यासारखी अनेक संस्थांची भांडारे चालतात, तिच्यात एखादी फाइल ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवून तिची नोंद मात्र सर्वांना दाखवण्याची सोय आहे. आम्ही तीच वापरली. त्या तीन कागदांचे प्रकार, गाव आणि मिती नोंदीत दिसतात. फाइल बंद आहे, का बंद आहे आणि पुन्हा विचार कधी होईल हे तिथे लिहिलेले आहे. पुरालेखागारातल्या ४१ कागदांच्या बाबतीतही आम्ही लिप्यंतर खुले ठेवले, छायाचित्रे ठेवली नाहीत. अभ्यासासाठी नक्कल मिळणे आणि ती प्रसिद्ध करण्याची मुभा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेखकाकडे पहिलीच होती.

नोंद नव्याने लिहिताना

सर्वांत कमी वेळ लागेल असे वाटलेल्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला. प्रबंधाचे शीर्षक देवनागरीत आणि त्याखाली रोमन लिपीत आले. ‘महजर’ हा शब्द रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो, तिन्ही दिल्या. परगण्याचे आजच्या तालुक्याचे नाव आणि कागदांतले जुने नाव, दोन्ही दिली. स्थळ आणि काळ यांसाठी असलेला घटक, जो आमच्या एकाही जुन्या नोंदीत भरलेला नाही, तो इथे नीट भरला.

तारखांचा प्रश्न वेगळाच. कागदांवरच्या मित्या शकाच्या, फसली सनाच्या, पण बहुतेक सुहूर या तेव्हा दप्तरांत चालणाऱ्या सनाच्या आहेत, आणि त्या अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेल्या: ‘अर्बा सबैन मया व अलफ’, म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७४, म्हणजे इसवी सन १७७३-७४. मूळ शब्द तसेच ठेवून शेजारी इसवी सन दिला, म्हणजे कालक्रमाने लावता येईल आणि मूळही हरवणार नाही.

पुरालेखागाराकडे जाणारा दुवा मात्र अर्धाच राहिला. प्रबंधातल्या प्रत्येक लिप्यंतराखाली रुमाल क्रमांक आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ मध्ये अभिलेख पटल हे संकेतस्थळ सुरू केल्यापासून तिथल्या अनेक कागदांची नोंद घरबसल्या पाहता येते. पेशवे दप्तराच्या आमच्या ४१ कागदांकडे असा दुवा देता आला नाही. रुमाल क्रमांक नोंदीत ‘मूळ आधार’ म्हणून लिहिला, म्हणजे निदान जो पुण्याला जाईल त्याला कोणता रुमाल मागायचा हे कळेल.

पहिल्या नोंदीचा कायमचा क्रमांक, ज्याला हँडल म्हणतात, तो आम्ही बदलू दिला नाही. चुकीची नोंद काढून नवी करणे सोपे होते. पण कोणी जुन्या क्रमांकाने प्रबंधाचा संदर्भ दिला असेल तर तो उद्या रिकाम्या पानावर जाऊन पोचला असता. दुरुस्त फायली विद्यापीठाच्या समन्वयकामार्फत त्याच नोंदीत घातल्या गेल्या, आणि एक पूर्ण प्रत आमच्या स्वतःच्या भांडारातही ठेवली. भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या नावाने एकेकाळी हजारो मराठी पुस्तके उपलब्ध होती. ते संकेतस्थळ बंद पडल्यावर ती पुस्तके आज वाचता येतात, ती कोणी तरी वेळीच त्यांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर नेऊन ठेवल्या म्हणून. मजकूर एकाच जागी ठेवून निर्धास्त राहण्याचे धाडस त्यानंतर आम्हाला झाले नाही.

नोंद दुरुस्त झाल्यावर एक गोष्ट आपोआप घडते, आणि तिचा उपयोग फारसा कोणी सांगत नाही. भांडारे एका ठरलेल्या नियमावलीने आपल्या नोंदी इतर सूचींना उचलू देतात. त्यामुळे एका ठिकाणी चुकलेले आडनाव इतर सूचींतही चुकीचे जाते, आणि एका ठिकाणी बरोबर केलेले त्या पुन्हा नोंदी उचलतील तेव्हा तिकडेही बरोबर होते.

पुढे

बडोद्याच्या विद्यार्थिनीला परिशिष्ट मिळाले. तिच्या कामाला त्यातले सारे महजर लागणारे नव्हते. गावच्या पाण्याच्या वाटणीसंबंधीचे पाच-सहा तिने बारकाईने वाचले. दोन महिन्यांनी तिचे पुन्हा पत्र आले. त्यांतल्या एका महजराची दुसरी प्रत तिच्या पाहण्यात आली होती, आणि त्या प्रतीत मिती ‘अर्बा सबैन’ नसून ‘अर्बा समानीन’ अशी स्वच्छ वाचता येते, असे तिने छायाचित्रासह कळवले. सबैन म्हणजे सत्तर, समानीन म्हणजे ऐंशी. ते बरोबर असेल तर तो निवाडा १७७३-७४ चा नसून १७८३-८४ चा ठरतो, आणि प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणातला त्यावर आधारलेला एक परिच्छेद दहा वर्षांनी पुढे सरकतो.

प्रबंधाच्या मजकुराला आम्ही हात लावला नाही. पदवीसाठी सादर झालेला मजकूर जसाच्या तसा राहिला पाहिजे. तिचे टिपण स्वतंत्र फाइल म्हणून, तारीख घालून, त्याच नोंदीत जोडले; महजराच्या नोंदीत दोन्ही वाचने आणि दोन्ही सन दिले. योगदानकर्त्याच्या रकान्यात गुरुजींच्या नावाखाली तिचे नाव आले. काकूंना फोन करून हे सांगितले, तेव्हा गुरुजींचे वाचन खोडले नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले, आणि मग त्या मुलीचा पत्ता मागितला. गुरुजींची वाचनाची दोन वह्या भरतील एवढी कच्ची टिपणे घरात आहेत, ती तिला दाखवता येतील का, असे त्या म्हणाल्या. तिला विचारून तो पत्ता त्यांना दिला. वह्या आता ग्रंथालयात आल्या आहेत, आणि त्यांच्याबाबत गुरुजींच्या मुलाची संमती मागणारे पत्र गेल्या आठवड्यात गेले आहे.